खोंड वळविण्याची रीत : दावें, म्होरकी आणि वेसण

जुन्या दप्तरांत गुरांसंबंधीं जे कागद येतात त्यांकडे संग्राहकांचें लक्ष सहसा जात नाहीं. सनद, वतनपत्र, महजर किंवा निवाडपत्र हातीं आलें म्हणजे तें जपून ठेवण्यांत येतें. बैलांची खरेदी, दोरखंडांचा खर्च, बलुत्याची वांटणी असले यादीवजा बंद मात्र रद्दींत जातात. या बंदांतील शब्दांमागें एक जुनी विद्या आहे, व ती ठाऊक नसल्यास शब्दांचा अर्थ लावण्यांत चूक होते, असें आमचें मत आहे. हट्टी खोंडास माणसामागें चालावयास व पुढें जुवाखालीं वळावयास शिकविणें ही ती विद्या होय. तिचे आधार संस्कृत ग्रंथांत व मराठी शब्दांत कोठें कोठें सांपडतात, आणि त्यांवरून काय निष्पन्न होतें, तें येथें पाहूं.

प्रथम साधनांचा विचार करूं. दावें गळ्यांत असतें. त्यानें जनावर खुंट्याशीं राहतें. पण आडमुठ्या खोंडास चालविण्याच्या कामीं तें अपुरें पडतें, कारण त्यानें मान खालीं घालून रेटा दिला कीं वशिंडाचें व खांद्याचें सर्व बळ दोरीवर येतें आणि धरणारा फरफटत जातो. म्होरकी डोक्यास व मुस्कटाभोंवतीं बांधलेली असते. तिची ओढ मुस्कटावर पडते, त्यामुळें डोकें वळतें, आणि डोकें वळलें कीं अंग त्यामागोमाग येतें. वेसण दोन नाकपुड्यांमधील मऊ पडद्यांतून ओवलेली असते. तो भाग फार हळवा असल्यामुळें थोड्या ओढीनेंही मोठा बैल आवरतो. हांकणाराच्या हातीं राहणारी लांब दोरी ती कासरा. ह्या चार वस्तूंचीं कामें निराळीं आहेत. ‘दोर’ या एका अर्थानें त्या सर्वांची बोळवण करूं नये.

बैल जुंपण्याची चाल महाराष्ट्रांत अतिप्राचीन आहे. अहमदनगर जिल्ह्यांत (आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत) प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें इ. स. १९७४ मध्यें ज्या चार कांस्यवस्तू मिळाल्या, त्यांत दोन बैल जुंपलेला व हांकणारा उभा असलेला एक रथ आहे. या चार वस्तूंचें मिळून वजन ६० किलोग्रामांहून अधिक भरतें. त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद असला तरी त्या रथावरून जोडीनें चालणाऱ्या बैलांची कल्पना स्पष्ट होते. धातूची मूर्ति टिकते. ताग व अंबाडी यांची दोरी मात्र कुजून जाते. म्हणून दोरीच्या इतिहासासाठीं ग्रंथांकडे व शब्दांकडेच वळावें लागतें.

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी श्यामशास्त्री यांनीं म्हैसूर येथें इ. स. १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध केली, व पुढें रा. प. कंगले यांची चिकित्सक आवृत्ति मुंबई विद्यापीठानें काढली. दुसऱ्या अधिकरणांतील गोऽध्यक्षाच्या प्रकरणांत दोहनाची वेळ चुकविणाऱ्या गवळ्यास त्या फळाची भरपाई हाच दंड सांगितला असून, लगेच तोच नियम नस्य, दम्य, युगपिंगन व वर्तन यांच्या वेळांस लावला आहे. नस्य म्हणजे नाक टोंचून दोरी घालणें, दम्य म्हणजे वासरूं वठणीवर आणणें, युगपिंगन म्हणजे जोडीनें जुंपणें आणि वर्तन म्हणजे फिरविणें, असा ह्या शब्दांचा अर्थ घेतां येतो. म्होरकीचा उल्लेख येथें नाहीं. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, खोंड वेळेवर शिकला नाहीं तर शास्त्रकार खोंडास द्वाड म्हणत नाहीं. ज्याच्या हातून वेळ गेली त्याच्याकडून तो भरपाई घेतो.

अमरकोशाच्या वैश्यवर्गांत हाच क्रम शब्दरूपानें उतरला आहे. दम्य व वत्सतर हे शब्द तेथें समानार्थी दिले आहेत. म्हणजे वासरूं एका वयास आलें कीं त्याचें नांवच ‘वठणीवर आणण्याजोगा’ असें पडतें. नाकांत दोरी असलेल्यास नस्तित किंवा नस्योत म्हटलें आहे. त्याच्याजवळच प्रष्ठवाह् हा शब्द असून त्याचा पर्याय युगपार्श्वग, म्हणजे जुवाच्या बाजूनें चालणारा, असा दिला आहे. नवा खोंड एकदम जुवाखालीं न घेतां चालत्या जोडीशेजारून नेण्याची रीत या एका शब्दांत जतन झाली आहे, असें आम्हांस वाटतें.

ही रीत न पाळल्यास काय होतें, त्याची कथा महाभारताच्या शांतिपर्वांत मंकीच्या आख्यानांत आहे. मंकीचें द्रव्य वारंवार बुडालें, तेव्हां उरलेल्या पैशांत त्यानें दोन तरुण गोऱ्हे घेतले आणि त्यांस एकत्र बांधून शिकविण्यास बाहेर काढलें. वाटेंत एक उंट बसला होता. गोऱ्हे एकाएकीं धांवत सुटले व त्याच्या दोहों बाजूंनीं गेले. त्यांचें जूं उंटाच्या मानेवर अडकलें. उंट रागानें उठून पळूं लागला आणि दोन्ही गोऱ्हे लोंबकळत प्राणांस मुकले. कथेचें तात्पर्य वैराग्य हें आहे, व टीकाकारांनीं तेवढेंच घेतलें आहे. परंतु शेतकऱ्याच्या नजरेनें पाहिलें तर मंकीची चूक उघड आहे : दोघेही अशिक्षित एका जुवास बांधले, त्यांस आवरणारा तिसरा शहाणा बैल नव्हता.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत याच प्रश्नाची कायद्याची बाजू आली आहे. वाहनानें इजा झाली असतां कोणत्या दहा प्रसंगीं दंड नाहीं, त्यांत नाकाची दोरी तुटणें, जूं मोडणें, वाहन आडवें किंवा मागें जाणें, हांकणाऱ्यानें ‘बाजूस व्हा’ असा पुकारा केलेला असणें, हीं सांगितलीं आहेत. पण हांकणाऱ्याच्या अनाडीपणामुळें वाहन भरकटलें तर मालकास २०० पण दंड आहे; हांकणारा कुशल असेल तर दंड त्यास लागतो. दोरी तुटली हा दैवाचा भाग, अनाडी माणूस ठेवला हा मालकाचा दोष, असा हा विवेक आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, वेसण ही शेवटीं बळजबरीच आहे. तें खरें आहे. वनपर्वांत द्रौपदी प्राण्यांची पराधीनता वर्णितांना नस्योत बैलाचाच दृष्टांत देते. तेव्हां वेसणींतील दुःख जुन्यांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, वेसण ही त्या रीतीची एक पायरी होती. वेळ साधणें, शहाण्या बैलाची संगत देणें आणि कुशल माणूस नेमणें ह्या पायऱ्या तिच्याइतक्याच महत्त्वाच्या मानल्या जात.

ही रीत केवळ ग्रंथांत राहिली नाहीं. म्हैसूरच्या चिक्कदेवराजाच्या वेळीं (इ. स. १६७३–१७०४) आकारास आलेलें व टिपूनें ‘अमृतमहाल’ असें नांव दिलेलें सरकारी गुरांचें खातें प्रसिद्ध आहे. तेथील खोंड कुरणांत अर्धवट रानटी वाढत. एकोणिसाव्या शतकांतील वर्णनांवरून पाहतां, त्यांस फांस टाकून धरीत, खांबास बांधून ठेवीत, आणि पुढें शिकलेल्या बैलाशीं जखडून फिरवीत. श्रीरंगपट्टण इ. स. १७९९ मध्यें पडल्यावर हे बैल इंग्रजांच्या हातीं गेले, व इ. स. १८०३ च्या मराठ्यांवरील मोहिमेंत आर्थर वेल्स्लीच्या लष्करास म्हैसूरच्या बैलांचा उपयोग झाला. अहमदनगर व असई यांचा इतिहास लिहितांना तोफांबरोबर त्या ओढणाऱ्या जनावरांच्या शिक्षणाचाही विचार करणें अवश्य आहे.

आतां आपल्या कागदांकडे येऊं. गांवास दोरखंडें पुरविणें हें मांग बलुतेदाराचें काम असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांवगाडा’ (१९१५) या ग्रंथांत बलुतेदारांच्या कामांची माहिती आहे. ज्या हातांनीं दावीं, वेसणी व कासरे वळले त्यांची नोंद बलुत्याच्या यादीखेरीज दुसरीकडे क्वचितच मिळावयाची. यादी फाडली म्हणजे तीं माणसेंही इतिहासांतून गेलीं.

शिवाय वाचनाचा प्रश्न आहे. मोडींत अनुस्वार पुष्कळदां गाळला जातो. त्यामुळें ‘दावे’ या अक्षरांत संस्कृत ‘दामन्’ पासून आलेलें गुरांचें दावें आहे कीं अरबी ‘दावा’ या शब्दाचें अनेकवचन आहे, हें संदर्भावांचून ठरत नाहीं. शेजारीं नाडा, सोल, कासरा असे शब्द असल्यास दोरी समजावी. वादी-प्रतिवादी असल्यास तंटा समजावा. ‘कासराभर दिवस’ आला असें आढळल्यास तेथें दोरीचा हिशेब नसून सूर्य किती वर आला याचें मान आहे. एखाद्यास ‘वेसण घातली’ असें राजकीय पत्रांत आल्यास बैल शोधीत बसूं नये. ‘वळण लावणें’ हा प्रयोग कौटिल्याच्या ‘वर्तन’ या शब्दाशीं अर्थानें जवळचा दिसतो. मात्र दोहोंची व्युत्पत्ति एक मानण्याचें कारण नाहीं.

सारांश, हट्टी खोंडाचा दोष जुन्या शास्त्रकारांनीं पुष्कळ अंशीं पाळणाऱ्याच्या पदरीं घातला, आणि हा विचार व्यवहारांत कसा उतरला तें आपल्या गांवच्या यादींवरून कळण्यासारखें आहे. ज्यांच्या संग्रहीं असे बंद असतील त्यांनीं ते क्षुल्लक मानून टाकूं नयेत. दोऱ्यांचीं नांवें, नग, किंमत व देणाराचें नांव हीं जशींच्या तशीं उतरून घ्यावींत, आणि समजत नाहीं तो शब्द सुधारून न लिहितां मुळाप्रमाणेंच ठेवावा, इतकी आमची विनंती आहे.