डावीकडे ओढणारी गाडी

इतिहास शिकविणाऱ्या माणसाला कारणांच्या याद्या करण्याची खोड लागते. पानिपतच्या पराभवाची कारणे पाच, पेशवाई बुडाली त्याची कारणे सहा. फळ्यावर आकडे घालून ती लिहिली की मास्तरही सुटतो आणि मुलेही सुटतात. मीही वर्षानुवर्षे हेच करीत आलो. कारण म्हणजे काय हे मला उमगले ते एका जुन्या गाडीपायी, आणि तेही पसरणीच्या घाटात प्राण कंठाशी आल्यावर.

गाडी माझ्या मामांची. मामांनी तीस वर्षे मुंबईत टॅक्सी चालविली. तो धंदा सोडताना त्यांनी एका गिऱ्हाइकाची १९८६ सालची पद्मिनी विकत घेतली आणि ते वाईला आले. पुढे काचबिंदूने दृष्टी गेली तेव्हा किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "मास्तर, हिला नीट सांभाळ. हिचं वय तिच्या कागदावर आहे त्याहून जास्त आहे."

मामांच्या या बोलण्यात बराच इतिहास होता. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी १९५४ पासून तेथे तयार होऊ लागली. १९७४ मध्ये तिला चितोडच्या राणीचे नाव मिळाले. रूप थोडे पालटले, नावे पालटली, पण घडण मूळचीच राहिली. आयातीवर बंधने आणि कारखान्यांना परवाने असा तो काळ. गिऱ्हाइकच नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहात असे, मग घडण बदलण्याची निकड कोणाला? पुढच्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगा, मागे कमानीचे पाटे, आणि चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. ही मूळ गाडी युरोपात लोकांपुढे आली ती १९५३ साली. योगायोग असा की, त्याच वर्षी फ्रान्समधील ल मांच्या शर्यतीत जग्वार गाडी डिस्क ब्रेकांच्या जोरावर पहिली आली. म्हणजे आमची पद्मिनी १९८६ ची असली तरी तिचे ब्रेक डिस्कपूर्व जगातले होते.

त्या ब्रेकांची वंशावळ मात्र मोठी कुलीन आहे. बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोहोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगितले. त्याचा ग्रंथ निघाला तो त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली. १९०२ साली लुई रेनोने ड्रमचा ब्रेक बसविला, तोही सळ्या-तारांनी ओढावयाचा. पास्कलचा नियम मोटारीला लावण्याचे श्रेय अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीडचे. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनीच्या गाडीत चारही चाकांना तेलाचे ब्रेक आले. पायाखालचा दाब मास्टर सिलिंडरमधून नळ्यांवाटे चाकांच्या सिलिंडरांत जातो, तेथले दट्टे शूंना बाहेर रेटतात आणि लायनर ड्रमवर घासून चाक थांबते. पास्कल सर्वांना समान न्याय देतो. पण एखादा दट्टाच अडून बसला तर पास्कल तरी काय करणार?

गेल्या पावसाळ्यात ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढू लागली. टायरांतली हवा पाहिली, ती बरोबर होती. मी माझ्या रीतीने निदान केले: गाडी डावीकडे जाते, अर्थात दोष डाव्या चाकात. डाव्या बाजूचा ड्रम उघडविला, फक्त त्याच बाजूला नवे लायनर घातले. चार दिवस बरे वाटले. मग लायनर ड्रमवर नीट बसले, आणि दुखणे पहिल्यापेक्षा वाढले.

अशातच मामांना डोळे दाखविण्यासाठी मी पाचगणीला नेले. परतताना घाटात एका वळणावर समोरून एस. टी. आली. मी ब्रेक दाबला. गाडीने एकदम डावीकडे तोंड फिरविले आणि कठड्यापासून हातभर अंतरावर ती थांबली. एस. टी. भोंगा वाजवीत निघून गेली. माझे पाय लटलट कापत होते. मामांना दिसत नव्हते, म्हणून मी सावरून म्हटले, "काही नाही, म्हैस आडवी आली."

मामांनी नाक वर केले. "म्हशीला लायनर जळल्याचा वास येत नाही," ते म्हणाले. "किती दिवस ओढते आहे?"

मी सारे सांगितले. मामा काठी टेकीत उतरले. चाचपत पुढच्या डाव्या चाकापाशी गेले, पालथा हात ड्रमजवळ धरला आणि झटकन मागे घेतला. मग उजव्यापाशी गेले. तिथे हात तसाच राहिला. "हे थंड आहे. मास्तर, उजवी उघडायची होती."

"पण मामा, ओढते तर डावीकडे!"

"बैलगाडीचा हिशेब इथं उलटा. गाडीत जोराचा बैल असला की गाडी कमजोर बैलाकडे वळते. ब्रेकात जो काम करतो त्याच्याकडे गाडी वळते. डावं चाक बिचारं एकटं राबत होतं, आणि तू त्यालाच आणखी कामाला जुंपलंस."

मग त्यांनी उजव्या मडगार्डावर भार देऊन सोडला. गाडी एकदा वर येऊन स्थिर व्हायची, ती तीन वेळा झुलली. "ह्या बाजूचा शॉकॉब्सॉर्बरही गेला," ते म्हणाले. स्प्रिंग धक्का घेते, पण तिचे हेलकावे थांबवावे लागतात. ते काम शॉकॉब्सॉर्बरमधल्या तेलाचे. ते गळून गेले की चाक रस्त्यावर टेकते-सुटते होते, आणि सुटलेल्या चाकाला ब्रेक कितीही चांगला असून उपयोग नाही.

आम्ही पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलाने वाईस उतरलो. दुसऱ्या दिवशी उजवा ड्रम उघडला. दट्टा गंजून सिलिंडरात घट्ट बसला होता. कारण त्याच्याही मागे होते. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषून घेते. त्या पाण्याने आतून गंज चढतो, आणि उतारावर ड्रम तापले की तेच पाणी वाफ होऊन पेडल फुसके पडते. हे तेल ठरावीक काळाने बदलावे लागते. गाडी माझ्याकडे आल्यापासून मी ते एकदाही बदलले नव्हते. लक्षण डाव्या चाकात, बिघाड उजव्यात आणि कारण स्टिअरिंगमागे बसलेल्या माझ्यात!

दोन्ही सिलिंडर, दोन्ही बाजूंचे लायनर, शॉकॉब्सॉर्बरची जोडी असे सारे नवे घातले, तेल बदलून नळ्यांतली एअर काढली. घरात गाडी मोडीत घालण्याचा विषय निघाला होता. त्यात गैर काही नव्हते. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस गेलीच. ती बातमी मीच मामांना वाचून दाखविली होती. ते काहीच बोलले नव्हते, फक्त "पेपर जपून ठेव," एवढे म्हणाले होते.

नंतर पुन्हा तपासणीची तारीख आली. घाट उतरताना मामा शेजारी बसून गिअर मोजीत होते. "ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर," हे त्यांनी दोनदा बजावले. पायथ्याशी गाडी थांबवून ते खाली उतरले आणि पालथा हात आधी एका चाकापाशी, मग दुसऱ्यापाशी धरून बराच वेळ उभे राहिले.

"दोन्ही सारखीच ऊन आहेत," ते म्हणाले, आणि दार चाचपत आपल्या जागी येऊन बसले.