खाणीतल्या बायका आणि कलम ४६

परवाच्या शनिवारी सकाळी तर्री-पोहे हाणले आणि बाईक काढून रामटेकला निघालो. मागे जुना रूममेट. मूळचा पुण्याचा, त्यामुळे शंका फार. मनसरला चहाला थांबलो तेव्हा त्याला कळलं की इथे मॅंगनीजची खाण आहे. लगेच प्रश्न आला, "काय रे, खाणीत बायका काम करतात का?"

मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "छे! खाण म्हणजे पुरुषांचं काम."

चूक. साफ चूक. रविवार दुपार वाचण्यात गेली आणि संध्याकाळी त्याला फोन करून शब्द मागे घ्यावे लागले. हा लेख म्हणजे त्याच माफीनाम्याची मोठी आवृत्ती समजा.

नागपूर म्हटलं की आपल्याला संत्री, सावजी आणि ४६ डिग्री ऊन आठवतं. पण हे खाणींच्या ऑफिसांचंही शहर आहे. वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय इथे. मॅंगनीज काढणाऱ्या मॉईलचं इथे. आणि आयबीएम पण इथेच! (आपली कॉम्प्युटरवाली नव्हे, इंडियन ब्यूरो ऑफ माइन्स.) देशभरातल्या खाणींच्या फायली सिव्हिल लाइन्समधून फिरतात आणि आपण त्या बिल्डिंगांसमोरून रोज सिग्नल तोडत जातो.

आता गोष्ट सुरुवातीपासून. १९०० च्या सुमारास मनसर, कांद्री, बेलडोंगरी भागात मॅंगनीज काढायला सुरुवात झाली. युरोपातल्या पोलाद कारखान्यांना ते हवं होतं. या खाणी उघड्या होत्या, म्हणजे डोंगर वरून फोडत जायचं. पुरुष दगड फोडायचे. बायका तो हातोडीनं बारीक करायच्या, निवडायच्या, चांगला आणि वाया गेलेला माल वेगळा करायच्या आणि टोपलीत भरून डोक्यावरून वाहायच्या. गोंड, महार, छत्तीसगढहून आलेली कुटुंबंच्या कुटुंबं कामावर असायची. आज ज्याला आपण क्वालिटी कंट्रोल म्हणू, ते त्या बायकांच्या नजरेत आणि हातात होतं.

याच काळात एल. लेघ फर्मर नावाचा तरुण भूवैज्ञानिक इथे फिरत होता. १९०९ साली त्याचा भारतातल्या मॅंगनीजवरचा हजारावर पानांचा ग्रंथ आला. त्यानं नव्या खनिजांना आणि खडकांना नावं दिली. आपल्या खात्याच्या मोठ्या साहेबाच्या, हॉलंडच्या नावानं एक खनिज झालं हॉलंडाइट. बेलडोंगरी गावावरून झालं बेलडोंग्राइट. आणि मॅंगनीज ज्यात सापडतं त्या खडकाला गोंड लोकांवरून नाव मिळालं गोंडाइट. जगभरातल्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आजही तो शब्द आहे.

साहेबाचं नाव राहिलं, गावाचं राहिलं, जमातीचंही राहिलं. तो खडक डोक्यावर वाहणाऱ्या एकाही बाईचं नाव मात्र मला कुठे सापडलं नाही.

कोळशाची गोष्ट जरा वेगळी. तिथे बायका जमिनीखाली उतरायच्या. नवऱ्यानं कोळसा तोडायचा आणि बायकोनं भरून वाहायचा, अशी जोडी असे. १९२० च्या आसपास देशातल्या कोळसा खाणींच्या कामगारांत साधारण तिसरा हिस्सा बायकांचा होता. म्हणजे "खाण म्हणजे पुरुषांचं काम" ही काही परंपरा वगैरे नाही. ती नंतर कायद्यानं तयार केलेली गोष्ट आहे.

तो कायदा असा आला. १९२९ च्या नियमांनी बायकांना भूमिगत कामाला बंदी केली. बंगाल, बिहार आणि आपल्या मध्य प्रांताच्या कोळसा खाणींना मात्र सवलत मिळाली, दहा वर्षांत टप्प्याटप्प्यानं बायका कमी करायची. पण १९३५ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं असाच करार केला आणि १९३७ मध्येच दरवाजा पूर्ण बंद झाला. हेतू वाईट नव्हता. खाली अंधार, पाणी, पडणारं छत, आणि गरोदर बायकाही काम करत होत्या. पण हेतू चांगला असला तरी हिशेब व्हायचा तो झालाच. जोडीनं मिळणाऱ्या मजुरीतली एक मजुरी गेली. जिची गेली तिला कुणी विचारलं नव्हतं.

मग महायुद्ध आलं. कोळसा कमी पडला, मजूर लष्करी कामांवर निघून गेले आणि १९४३ साली सरकारनं बंदी उठवली. मध्य प्रांतासह बंगाल, बिहार, ओरिसात बायका पुन्हा खाली उतरल्या. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं कुणाकडे होतं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे.

इथे थोडं मागे, नागपुरात जाऊ. जुलै १९४२. बाबासाहेबांनी मजूर खात्याची सूत्रं घेतली तोच महिना. २० तारखेला नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका जमल्या होत्या. ठराव वाचले की चाटच पडायला होतं. घटस्फोटाचा हक्क हवा. गिरण्या, विडी कारखाने, रेल्वे, नगरपालिका इथल्या कामगार बायकांना भरपगारी रजा, दुखापतीची भरपाई आणि पेन्शन हवं. बायकांवर देखरेखीला बाईच हवी. आपल्या एचआर पॉलिसीत जे मुद्दे आज कौतुकानं छापतात, त्यातले निम्मे इथे १९४२ मध्ये मांडून झाले होते, आणि मांडणाऱ्या बायका स्वतः कष्टकरी वस्त्यांतल्या होत्या.

त्या मागण्या ऐकलेला मंत्री दीड-दोन वर्षांनी दिल्लीत बायकांना खाणीत उतरवण्याच्या निर्णयाचा बचाव करत होता. फेब्रुवारी १९४४ ची केंद्रीय कायदेमंडळातली चर्चा जरूर वाचा. रेणुका राय आणि महिला संघटनांचं म्हणणं होतं की हे पाऊल मागे नेणारं आहे, युद्धाचं ओझं सगळ्यात गरीब बाईच्या डोक्यावर का? आंबेडकरांचं उत्तर होतं की ही सोय तात्पुरती आहे, आणीबाणीची आहे, आणि अटी घालून आहे. साडेपाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या बोगद्यात बाईला पाठवायचं नाही. आणि मजुरी पुरुषाइतकीच. समान कामाला समान वेतन हे तत्त्व आपल्याकडच्या उद्योगात पहिल्यांदाच आलंय, असं त्यांनी तिथे सांगितलं.

वाचताना माझी गोची झाली. रेणुका राय बरोबर वाटतात. आंबेडकरही बरोबर वाटतात. त्यांनी खाणीतल्या बायकांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातही दुरुस्त्या केल्या, म्हणजे नुसतं बोलून सोडलं नाही. पण १ फेब्रुवारी १९४६ ला बंदी परत आली आणि समान मजुरीही बायकांसोबतच वर आली.

स्वातंत्र्यानंतर १९५२ चा खाण कायदा झाला आणि त्यात आलं आपलं कलम ४६. जमिनीखाली बाई नको. जमिनीवर फक्त सकाळी सहा ते संध्याकाळी सात. संपलं. १९७२-७३ मध्ये कोळशाचं राष्ट्रीयीकरण झालं. पुढे कोल इंडियात बायकांसाठी खास स्वेच्छानिवृत्ती योजना आल्या, बाईनं नोकरी सोडायची आणि तिच्या जागी मुलाला लावायचं. कुठली आई नाही म्हणेल? कागदोपत्री सगळं "स्वेच्छेनं". यंत्रं आली, टोपल्या गेल्या, आणि माझ्यासारखा माणूस छातीठोकपणे सांगू लागला की खाण म्हणजे पुरुषांचं काम.

आता या गोष्टीतलं मला सगळ्यात आवडलेलं पान. तेही नागपूरचंच.

नव्वदचं दशक. चंद्रपूरला वाढलेली, खाण क्षेत्रातल्या वडिलांची मुलगी, चंद्राणी. तिला मायनिंग इंजिनिअर व्हायचं होतं. प्रवेश मिळेना, कारण मुलींना ही शाखाच नव्हती. कारण विचाराल तर कलम ४६. शिकताना खाली उतरावं लागतं, पुढे खाण व्यवस्थापकाच्या परवान्यालाही भूमिगत अनुभव लागतो, आणि बाईला खाली जायचीच मनाई. मग शिकून करणार काय? लॉजिक एकदम चोख, आणि एकदम गोल.

तिनं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा दरवाजा ठोठावला. परवानगी मिळाली, पण तिच्या एकटीपुरती. आपल्या भाषेत सांगायचं तर बग तसाच ठेवला आणि एका युजरसाठी एक्सेप्शन टाकलं. १९९९ साली चंद्राणी प्रसाद वर्मा नागपूरच्या रामदेवबाबा कॉलेजातून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडल्या, भारतातल्या पहिल्या महिला मायनिंग इंजिनिअर म्हणून.

पुढे त्या केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ झाल्या. त्यांच्या संशोधनाचा एक विषय आहे हायवॉल मायनिंग. उघड्या खाणीची भिंत आली, वरची माती आणखी हटवणं परवडत नाही, की त्या भिंतीतून यंत्र आत घालून समांतर बोगदे पाडायचे आणि कोळसा ओढून काढायचा. दोन बोगद्यांमध्ये कोळशाचा पातळ खांब सोडावा लागतो. जाड ठेवला तर कोळसा वाया, बारीक ठेवला तर वरचं सगळं खाली. तो नेमका किती ठेवायचा, हे गणित त्यांनी अभ्यासलं. गंमत बघा, या पद्धतीत आत कुणी माणूस जातच नाही. ना बाई, ना पुरुष!

कलम ४६ चा पॅच यायला २०१९ उजाडलं. २९ जानेवारीच्या अधिसूचनेनं बायकांना दिवसा भूमिगत कामाची मुभा दिली, पण फक्त तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापकीय कामासाठी. लेखी संमती हवी, एका गटात किमान तिघी हव्यात. त्यानंतर गोव्याच्या योगेश्वरी राणे आणि संध्या रासकटला या दोघी व्यवस्थापकाचा परवाना मिळवून हिंदुस्थान झिंकच्या भूमिगत खाणीत पोचल्या. २०२१ मध्ये झारखंडच्या आकांक्षा कुमारी कोल इंडियाच्या भूमिगत खाणीतल्या पहिल्या महिला अभियंता झाल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेनं तर संमती असेल तिथे सगळ्या प्रकारच्या कामांचा दरवाजा उघडला.

आनंद आहेच. पण एक गोष्ट टोचत राहते. बंदी आली तेव्हा ती टोपली वाहणाऱ्या बाईवर आली. उठायला लागली तेव्हा ती आधी डिग्रीवालीसाठी उठली. कामगार बाईची पाळी येईपर्यंत तिचं कामच यंत्रानं नेलं होतं. चंद्राणीताईंना निदान कोर्ट गाठता आलं. १९३७ साली बालाघाट-छिंदवाड्याकडे किंवा बल्लारपूरकडे घरी परत पाठवलेल्या बाईनं कुठला दरवाजा ठोठवायचा होता?

असो. रूममेटला हे सगळं फोनवर सांगितलं. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुमच्या टीममध्ये नाइट शिफ्टला मुलींना टाकत नाहीत ना? का रे?"

मी म्हटलं, "सेफ्टीसाठी."

म्हटलं खरं. आणि मग आठवलं की त्यांच्यापैकी एकीलाही आम्ही कधी विचारलेलं नाही. सोमवारी विचारणार आहे.