नांगरलेला बोया : समुद्राची खबर क्षणोक्षणी कशी मिळते?

समुद्रात ठरावीक जागी नांगरून ठेवलेल्या आणि हवा-पाण्याच्या नोंदी उपग्रहामार्फत किनाऱ्यावर पाठवणाऱ्या तरंगत्या यंत्रणेला नांगरलेला बोया म्हणतात. उपग्रहाला पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमान कळते. खालच्या थरांत काय चालले आहे ते कळायला पाण्यातच उपकरण ठेवावे लागते.

रचना
बोयाच्या डोलकाठीवर वारा, हवेचा दाब, तापमान व आर्द्रता मोजणारी उपकरणे असतात. मधल्या तरंगत्या भागात बॅटरी आणि लाटा मोजणारे यंत्र असते. वीज सौर पॅनेलमधून मिळते. खाली सोडलेल्या तारेवर ठरावीक अंतराने तापमान व क्षारता मोजणारे संवेदक बसवतात. तारेपुढचा लांब दोर समुद्रतळावरच्या जड वजनाला बांधलेला असतो. बोया जागा सोडून वाहू लागला, तर जीपीएसमुळे ते लगेच कळते.

भारतातील जाळे
चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने १९९६ मध्ये हा कार्यक्रम सुरू केला. अरबी समुद्र व बंगालच्या उपसागरातील तिचे 'ओम्नी' बोये ५०० मीटर खोलीपर्यंत नोंदी घेतात.

उपयोग
चक्रीवादळाला बळ मिळते ते कोमट पाण्यातून. वादळ समुद्र घुसळते. कोमट थर पातळ असेल, तर खालचे थंड पाणी वर येऊन वादळाचा जोर ओसरू शकतो. थर जाड असेल, तर हा लगाम लागत नाही. बंगालच्या उपसागरात नद्यांचे गोडे पाणी वर तरंगते आणि थंड पाण्याला वर येऊ देत नाही. म्हणून तापमानासोबत क्षारताही मोजावी लागते.

अशा नोंदींअभावी काय होते, हे १९८२-८३ मध्ये दिसले. त्या वेळचा प्रबळ एल निनो जवळजवळ शिगेला पोहोचेपर्यंत शास्त्रज्ञांच्या लक्षातच आला नाही. त्यानंतर विषुववृत्तीय प्रशांत महासागरात सुमारे ७० बोयांचे जाळे उभारले गेले. ते १९९४ मध्ये पूर्ण झाले.

अडचणी
खारे पाणी, शेवाळ आणि संवेदकांवर वाढणारे जीव यांमुळे नोंदी बिघडतात, म्हणून जहाज नेऊन देखभाल करावी लागते. माणसांकडूनही नुकसान होते. बोयाच्या सावलीत मासे जमतात, त्यामागे नौका येतात. नौका बोयाला बांधल्याने किंवा जाळी अडकल्याने दोर तुटतो; कधी पॅनेलही चोरीला जातात. मग त्या जागेच्या नोंदी दुरुस्तीपर्यंत थांबतात आणि वादळाच्या अंदाजाला त्यांचा आधार उरत नाही. त्या अंदाजाची सर्वाधिक गरज असते, ती समुद्रात गेलेल्या मच्छीमारांनाच.