सेवाग्रामची घंटा आणि मुलांची झोंप

राजे केव्हां गादीवर बसले आणि लढाया कोठें झाल्या हें इतिहासांत नोंदलेलें असतें. लहान मुलें किती वाजतां निजत होतीं याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाहीं. तरीपण एखाद्या संस्थेनें आपलें दिवसाचें वेळापत्रक लिहून ठेवलें असलें म्हणजे त्यावरून रात्रीचाहि थोडा माग लागतो. वर्ध्याजवळचें सेवाग्राम हें अशा ठिकाणांपैकीं एक होय.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजीं तेथें राहावयास आले तेव्हां गांवाचें नांव शेगांव होतें. बुलढाण्याकडील शेगांवाशीं घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाऊं लागलें, म्हणून १९४० मध्यें त्याचें सेवाग्राम झालें. आश्रमाचा दिनक्रम साबरमतीच्याच वळणाचा होता. साबरमतीचा दिनक्रम १९२८ सालीं प्रसिद्ध झाला होता: पहाटे चारला उठणें, सव्वाचारला प्रार्थना, सायंकाळीं सातला पुन्हां प्रार्थना, आणि रात्रीं नऊला निजण्याची घंटा. उठण्यासाठीं घंटा किंवा भोंगा पुष्कळ ठिकाणीं असतो. निजण्यासाठीं घंटा ही मात्र विशेष गोष्ट आहे. शिवाय ती मुलांना वेगळी आणि मोठ्यांना वेगळी अशी नव्हती. वडिलांनीं जागावें आणि मुलाला मात्र ‘नीज’ म्हणून दटावावें, ही सोय त्या नियमांत ठेवलेली नव्हती.

घंटेइतकेंच महत्त्व दिव्याला आहे. १९३४ च्या डिसेंबरांत स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें वर्ध्याच्या मगनवाडींत होतें. विदेशी रॉकेलवर अवलंबून राहूं नये म्हणून संघानें वनस्पतितेलावर जळणारा ‘मगन दीप’ प्रचारांत आणला. त्याचा हेतु स्वावलंबनाचा होता. झोंपेचा विचार त्यांत नव्हता. परंतु त्या मंद, पिवळसर उजेडानें झोंपेचें नकळत हितच झालें असलें पाहिजे. याचें कारण पुढें कळलें. १९५८ मध्यें अमेरिकेंत ॲरन लर्नर या वैद्यानें ‘मेलाटोनिन’ हें द्रव्य शोधून काढलें. अंधार पडूं लागला कीं मेंदूंतील एक लहानशी ग्रंथि तें रक्तांत सोडूं लागते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी पोंचते. उजेड डोळ्यांत शिरला कीं ही वर्दी थांबते. त्यांतहि निळसर उजेड अधिक बाधक, आणि मोबाइलच्या पडद्यांतून तोच पुष्कळ येतो. मुलाच्या डोळ्याची बाहुली मोठी आणि भिंग स्वच्छ असल्यामुळें त्याच्या डोळ्यांत मोठ्यांपेक्षां अधिक प्रकाश जातो.

कोलोरॅडो विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१८ मध्यें प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतींत लक्षांत ठेवण्यासारखा आहे. तीन ते पांच वर्षांच्या दहा मुलांना निजण्यापूर्वीं एक तास प्रखर प्रकाशांत खेळूं दिलें, तेव्हां त्यांचें मेलाटोनिन सुमारें ८८ टक्क्यांनीं उतरलें. आणि प्रकाश बंद केल्यावर पन्नास मिनिटें लोटलीं तरी बहुतेकांचें पूर्ववत् झालें नाहीं. हा प्रकाश मोबाइलच्या उजेडापेक्षां पुष्कळच प्रखर होता, म्हणून त्यावरून घाईनें अनुमान काढूं नये. परंतु मोबाइल डोळ्यांपासून वीतभर अंतरावर असतो, आणि उजेडाखेरीज त्यांत मनाला जागें ठेवणारें दुसरेंहि पुष्कळ असतें.

ही दुसरी गोष्ट समजण्यास आपल्याच वाङ्मयांतील एक उदाहरण पुरे आहे. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत ‘श्यामची आई’ लिहिली. त्या पुस्तकाचे भाग प्रकरणांनीं नव्हे, रात्रींनीं मोजलेले आहेत, आणि अशा रात्री बेचाळीस आहेत. सायंप्रार्थना झाल्यावर श्याम आपल्या सोबत्यांना एक आठवण सांगतो. ती संपली कीं त्या दिवसाचें सांगणें संपतें. पुढची आठवण ऐकण्यासाठीं दुसऱ्या रात्रीपर्यंत थांबावें लागतें. आजीच्या गोष्टीलाहि असाच शेवट असे, आणि बहुधा शेवटापूर्वींच ऐकणारा झोंपलेला असे. मोबाइलवरील चित्रांची गोष्ट संपतांच दुसरी आपोआप सुरू होते. तेथें सांगणारा दमत नाहीं आणि ऐकणाऱ्याचे डोळे मिटले काय याची त्याला पर्वा नसते. कानानें ऐकण्याची ही थोरवी नभोवाणीवरून बोलतांना मीं गावी, यांत थोडा पक्षपात आहे हें खरें. पण निदान या यंत्राला पडदा नाहीं.

आश्रमाच्या वेळापत्रकाची स्तुति करतांना एक हिशेब मात्र केला पाहिजे. रात्रीं नऊ ते पहाटे चार हे सात तास होतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ मध्यें दिलेल्या सूचनांप्रमाणें एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोंप हवी. म्हणजे तें वेळापत्रक प्रौढ व्रतस्थांचें होतें, बालकाचें नव्हे. सेवाग्रामच्या शिक्षणकार्यांतहि लहान मूल जरा उशिरांच आलें. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें १९३७ मध्यें नई तालीमची जी योजना आंखली ती सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीं होती. गांधीजी १९४४ मध्यें आगाखान राजवाड्याच्या कैदेंतून सुटून आले आणि त्यानंतर, १९४५ च्या जानेवारींत सेवाग्रामला भरलेल्या परिषदेंत, या शिक्षणाची मर्यादा जन्मापासून मरणापर्यंत वाढविण्यांत आली. सात वर्षांखालील मुलांची ‘पूर्व-बुनियादी’ शाळा तेथें शांताबाई नारुळकर यांनीं चालविली. या शाखेचें मूळ सूत्र असें कीं, बालकाचें शिक्षण आईबापांच्या शिक्षणापासून सुरू होतें. मूल काय खातें, केव्हां निजतें, कोणत्या हवेंत वाढतें हें घर ठरवितें. तेव्हां शाळेनें घरापर्यंत गेलें पाहिजे. माझ्या मतें सेवाग्रामनें मुलांच्या झोंपेसंबंधानें जगाला कांहीं दिलें असेल तर तें हें सूत्र होय; पहाटे चारची घंटा नव्हे.

यानंतरच्या काळांत संध्याकाळचें रूप पालटत गेलें. १९४८ च्या जुलैंत नागपूरचें आकाशवाणी केंद्र सुरू झालें. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबईला दूरचित्रवाणी आली, आणि पुढें ती खेड्यापाड्यांत पसरली. तरीहि हीं यंत्रें घराच्या एका कोपऱ्यांत असत. त्यांचे कार्यक्रम संपत, आणि तीं बंद करणें वडिलांच्या हातीं असे. सेवाग्रामच्या दप्तरांत आजहि एक जुनें दूरध्वनियंत्र दाखवितात. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या कारकीर्दींत, गांधीजींशीं संपर्क राहावा म्हणून, सरकारनें तें बसविलें होतें. साम्राज्याच्या राजधानीशीं बोलणारें तें यंत्र एका जागीं उभें होतें. त्याच्याकडे चालत जावें लागे. आजचें यंत्र अंथरुणांत येतें. २०१६ नंतर तें चालविण्याचा खर्च स्वस्त झाला, आणि २०२० च्या साथींत तर शाळेनेंच तें मुलाच्या हातीं दिलें. सकाळच्या पहिल्या तासाला पेंगणारें मूल शिक्षकाला पूर्वींहि दिसे; पण त्या काळीं त्याचें कारण गांवांतला तमाशा किंवा घरचें लग्न असे, आणि तें रोजचें नसे.

मुलांची झोंप आणि पडदा यांचा संबंध अनेक पाहण्यांत आढळला आहे. पडद्यापुढें अधिक वेळ घालविणारीं मुलें उशिरां निजतात आणि कमी निजतात. मात्र यांत कारण कोणतें आणि परिणाम कोणता हें सांगणें सोपें नाहीं. जें मूल मुळांतच झोंपत नाहीं त्याच्याच हातीं थकलेली आई शेवटीं मोबाइल देते. म्हणून निव्वळ तास मोजून भागत नाहीं, घराची रीत पाहावी लागते. डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ विदुषीनें १९६६ मध्यें संगोपनाच्या तीन रीती वर्णिल्या: धाकाची, लाडाची, आणि तिसरी जींत नियम ठाम असतो, पण तो समजावून सांगितला जातो आणि मायेनें पाळून घेतला जातो. आपल्याकडील ‘वळण लावणें’ हा शब्दप्रयोग या तिसरीच्या फार जवळचा आहे. वळण हें अक्षराला लावतात तसें, गिरवून. आणि गिरविण्यासाठीं समोर कित्ता लागतो. वडिलांच्या उशाशीं मोबाइल उजळत असला तर कित्ता तोच!

अलीकडील दोन महाराष्ट्रीय प्रयोग यासाठींच मला महत्त्वाचे वाटतात. यवतमाळ जिल्ह्यांतील पुसद तालुक्यांतल्या बान्सी गांवानें २०२२ च्या नोव्हेंबरांत अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्याची बंदी करणारा ठराव केला. त्यामागील काळजी खरी होती; परंतु नियम मुलांना आणि मोकळीक मोठ्यांना, असा तो ठराव होता. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव येथें दुसरी वाट धरली गेली. सुमारें तीन हजार वस्तीच्या त्या गांवांत सायंकाळीं सातला देवळावरील भोंगा वाजे, आणि साऱ्या गांवानें दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवून मुलांनीं अभ्यास करावा, मोठ्यांनीं बोलावें-वाचावें, असें ठरलें. आरंभीं लोक हंसले, म्हणून कार्यकर्ते घरोघर फिरले. हा नियम आईबापांनाहि होता. सेवाग्रामची घंटा या भोंग्याच्या रूपानें आठ दशकांनीं पुन्हां वाजली, असें तें वृत्त वाचतांना मला वाटलें.

एक उणीव मात्र नमूद केली पाहिजे. वडगांवचा दुसरा भोंगा साडेआठला वाजे आणि पडदे पुन्हां उजळण्यास मोकळीक मिळे. अभ्यासाच्या दृष्टीनें दीड तास पुष्कळ झाला. पण तीन-चार वर्षांचें मूल नेमकें त्याच सुमारास निजावयाचें असतें. साबरमतीच्या वेळापत्रकांत शेवटची घंटा मिणमिणत्या दिव्याकडून अंधाराकडे नेणारी होती. वडगांवची शेवटची सूचना अंधाराकडून उजेडाकडे नेई.