शून्याचे वीस टक्के

कोविडकाळात छोट्या धंद्यांना अनुदान देण्याऐवजी कर्ज दिले हे शहाणपणाचेच झाले, असे मत आता जवळजवळ रूढ झाले आहे. ते मांडणारे अडाणी नाहीत, निर्दयही नाहीत. त्यांचे म्हणणे असे: तिजोरीत खडखडाट होता, खरा दुकानदार कोण हे ठरवायला यादी नव्हती, फुकटचा पैसा लबाडांच्या खिशात जातो, कर्ज मात्र ज्याला धंदा चालवायचा आहे तोच घेतो. युक्तिवाद नेटका आहे. टिकणारा नाही.

घोळ मुळातच आहे. कर्ज म्हणजे उद्याच्या कमाईची आजची उचल. टाळेबंदीत बुडालेली कमाई उद्या येणारच नव्हती. महाराष्ट्रातली केशकर्तनालये मार्च 2020 मध्ये बंद झाली ती 28 जूनला उघडली. तेव्हाही केस कापायला मुभा, दाढीला बंदीच. तीन महिने केस वाढवून आलेल्या गिऱ्हाइकाने एकाच कटिंगचे पैसे दिले. मधल्या चुकलेल्या कटिंगांचे पैसे कोणत्या भविष्यातून येणार होते? दुकान बंद होते सरकारी आदेशाने, सर्वांच्या जिवासाठी. सर्वांसाठी झीज सोसणाऱ्याकडूनच त्या झिजेवर व्याज घ्यायचे, याला आर्थिक शिस्त म्हणायचे काय?

बरे, ते कर्ज तरी कोणाला? मे 2020 मध्ये जाहीर झालेल्या तीन लाख कोटींच्या कर्जहमी योजनेत सुरुवातीला मर्यादा होती 29 फेब्रुवारीला खात्यावर शिल्लक असलेल्या कर्जाच्या 20 टक्के. ज्याने आयुष्यात बँकेचे कर्जच काढले नव्हते, त्याच्या वाट्याला आले शून्याचे वीस टक्के! फेरीवाल्यांसाठी ‘स्वनिधी’ आली. 10,000 रुपये, फेड वर्षभरात.

तिजोरीचे म्हणाल, तर त्या तीन लाख कोटींच्या योजनेत हमी शंभर टक्के सरकारचीच होती. कर्ज बुडाले की भरणार तिजोरीच. फरक एवढाच की अनुदान चालू अर्थसंकल्पात डोळ्यांना दिसते.

राहिली लबाडी. ब्रिटनने दोन्ही मार्ग एकाच वेळी चोखाळले: सरकारी हमीवर 50,000 पौंडांपर्यंतची ‘बाउन्स बॅक’ कर्जे, आणि स्थानिक संस्थांच्या करनोंदींवरून छोट्या दुकानांना 10,000 पौंडांचे थेट अनुदान. 2021 अखेरच्या सरकारी अंदाजात कर्जांपैकी 11 टक्के लबाडीने उचललेली निघाली. स्थानिक संस्थांनी वाटलेल्या अनुदानांत चूक आणि लबाडी मिळून गळती 5 टक्क्यांच्या आतच अंदाजली गेली. मग शिस्त कुठे दिसली? निवाडा वाचकांनी करावा.

आपल्याकडेही गुमास्ता नोंदी आहेत, मालमत्ताकराच्या वह्या आहेत. सदोष असतील, पण नव्हत्याच असे नाही. एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारने परवानाधारक रिक्षाचालकांना आणि नोंदणीकृत फेरीवाल्यांना प्रत्येकी 1,500 रुपये जाहीर केले, ते कशाच्या आधारावर? यादी होती. कमी पडली ती रक्कम. महिन्याच्या हिशेबाने दिवसाला 50 रुपये! ‘अनुदान देऊन काय साधले?’ असे याच 1,500 कडे बोट दाखवून विचारणाऱ्यांनी एकदा रिक्षा स्टँडवर जावे, आणि गाडीचा महिन्याचा हप्ता किती ते विचारून यावे.