मांजर रुसलं, की आजारी पडलं?

घरातलं मांजर एकाएकी गप्प झालं, पलंगाखालून बाहेर येईना, अंग चाटणंही सोडलं, की आपण म्हणतो, ‘रुसलंय.’ या रुसव्याचा अर्थ लावणं एके काळी आपल्या विदर्भात माणसांच्याही जिवाचा प्रश्न होता.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत मध्य प्रांत-वऱ्हाडातही पसरला. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडायचं आणि शेतात झोपड्या घालून राहायचं, हे लोक अनुभवानं शिकले. उंदरांवरच्या पिसवा हा रोग पसरवतात, असं सिमाँ यांनी १८९८ मध्येच मांडलं होतं. ते सर्वमान्य व्हायला मात्र १९०५ नंतरचं प्लेग संशोधन आयोगाचं काम यावं लागलं.

उंदीरच मूळ, तर मांजर हा उपाय! अँड्र्यू बुकॅनन या लष्करी डॉक्टरांनी हा विचार नेटानं मांडला. नागपूरच्या मध्यवर्ती तुरुंगाचे अधीक्षक असताना त्यांनी हिवतापावर काम केलं होतं. लाखोळीच्या डाळीमुळे पाय लुळे पडतात, त्या रोगावरचा त्यांचा अहवालही १९०४ मध्ये नागपुरातच छापला गेला. (लाखोळीवर पुन्हा कधीतरी.) पुढे अमरावतीला सिव्हिल सर्जन असताना त्यांनी गावांतल्या मांजरांची संख्या आणि प्लेग यांची सांगड घातली: मांजरं जास्त, तिथे प्लेग कमी. १९०८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा लेख आला. त्याच वर्षी जपानला गेलेल्या रॉबर्ट कॉख यांनीही मांजरं पाळण्याचा सल्ला दिला.

मोजणी करणारा डॉक्टर मला आवडतो. पण वर्गात हे सांगाल तेव्हा एक प्रश्न मुलांपुढे जरूर ठेवा: प्लेगचा उंदीर खाल्लेल्या मांजराचं काय होतं?

आता याचं उत्तर ठाऊक आहे. मांजराला प्लेग सहज होतो. कुत्र्याला तो सहसा सौम्य होतो, मांजराला नाही. जंतू तोंडावाटे शिरतात, जबड्याखालच्या गाठी सुजतात, ताप येतो, मांजर खात नाही, कोपऱ्यात दडून बसतं. रोग फुप्फुसात गेला तर त्याच्या खोकल्यातून माणसालाही लागण होते. अमेरिकेच्या पश्चिम भागात १९७७ ते १९९८ या काळात मांजरांमुळे २३ जणांना प्लेग झाला. त्यांतले ५ दगावले. रुग्णांत जनावरांचे डॉक्टर आणि त्यांचे मदतनीसही होते. म्हणजे बुकॅनन यांचा पहारेकरी स्वतःच रुग्ण होऊ शकत होता.

पण मांजर ओरडण्याऐवजी गप्प का होतं? जंतुसंसर्ग झाला की शरीरातल्या पेशी काही संदेश-रेणू सोडतात. त्यांच्या परिणामानं मेंदू भूक मंदावतो, झोप वाढवतो, अंग चाटणं थांबवतो. ही नुसती अशक्तता नसून ताप टिकवण्यासाठी ऊर्जा वाचवण्याची शरीराची तऱ्हा आहे, असं बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये मांडलं. शिवाय मांजर शिकारी असलं तरी मोठ्या जनावरांची शिकारही आहे. दुखणं दाखवणं त्याला परवडत नाही.

आज नागपुरातलं मांजर दडून बसलं तर प्लेगची शंका घ्यायला नको. दात दुखत असेल, भांडणातली जखम चिघळली असेल. बोका मात्र वारंवार लघवीला बसतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर उद्यावर टाकू नका. मार्ग तुंबला असेल तर दोन-तीन दिवसांत तो दगावतो.