तुटक रेषेचा इतिहास

नकाशावरील अखंड रेषा बहुधा जे आहे ते सांगते, आणि तुटक रेषा जे व्हावयाचे आहे ते. आपली नवी मुंबई आधी अशी कागदावरच जन्मली. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे ही कल्पना 'मार्ग' नियतकालिकातून मांडली. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेत आय. बी. एम. कंपनीतील जॅक ब्रेझनहॅम यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या लेखणीने सरळ रेषा कशी काढावी, याची रीत त्यात होती. लेखणी एकेक बारीक पाऊल टाकी. प्रत्येक पाऊल सरळ टाकावे की तिरपे, एवढेच यंत्राने ठरवावयाचे.

तुटक रेषेला आणखी एक गोष्ट लागते. लेखणी केव्हा टेकवावी व केव्हा उचलावी, हे सांगावे लागते. आरेखकाच्या हाताला ते सवयीने कळे. यंत्राला आकडे द्यावे लागतात. १९८२ साली आलेल्या ऑटोकॅड या आरेखनप्रणालीत रेघ-ठिपक्याच्या रेषेची जी व्याख्या पुढे रूढ झाली, ती अशी: ०.५, -०.२५, ०, -०.२५. धन आकडा म्हणजे तेवढी रेघ ओढ, ऋण म्हणजे तेवढी जागा मोकळी सोड, शून्य म्हणजे ठिपका दे. हाच नमुना रेषेच्या टोकापर्यंत गिरवावयाचा. १९८४ च्या पोस्टस्क्रिप्ट भाषेत रेघ व मोकळी जागा यांची मापे आळीपाळीने देतात, आणि नमुना कोठून सुरू करावा हेही सांगतात. मोकळी जागासुद्धा अशी मोजूनमापूनच लिहावी लागते.

यात एक धोका आहे. प्रमाण चुकून नमुना फार बारीक झाला, तर मोकळ्या जागा दिसेनाशा होतात. रेषाच नमुन्याहून आखूड असली, तर ऑटोकॅड ती अखंडच काढते. मग योजिलेला रस्ता झालेल्या रस्त्यासारखा दिसू लागतो.

ही केवळ आरेखकाची अडचण नव्हे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावे शहराच्या क्षेत्रात आली. योजनेच्या कागदावर जी जागा मोकळी होती, तेथे प्रत्यक्षात भातशेती व मिठागरे होती. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी लढा झाला. जासई-दास्तान फाटा परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले.

आम्ही कामगारांना पगारपत्रक ओळीओळीने वाचावयास शिकवितो. नकाशाही तसाच वाचावा, अशी आमची विनंती आहे. कडेची खुणांची सूची आधी पाहावी, मग प्रमाण पाहावे. रेषा अखंड की तुटक, अशी शंका आली तर मोठ्या प्रमाणाचा नकाशा मागून घ्यावा, आणि तो हाती आल्यावाचून कोठेही सही करू नये.